नागरिकाला शब्द कोण शिकवणार?

स्पेनचे नागरिकत्व मागणाऱ्या परदेशी माणसाला 2015 पासून दोन परीक्षा द्याव्या लागतात. एक स्पॅनिश भाषेची, बेताच्या पातळीची. दुसरी स्पेनची राज्यघटना आणि तिथले समाजजीवन यांची. या दुसरीत 25 प्रश्न असतात, 45 मिनिटे मिळतात आणि उत्तीर्ण व्हायला 15 उत्तरे बरोबर यावी लागतात. दोन्ही परीक्षा ‘इन्स्तितुतो सेर्वान्तेस’ ही सरकारी संस्था घेते. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या स्पॅनिशभाषक अर्जदारांना भाषेच्या परीक्षेतून सूट आहे, घटनेच्या परीक्षेतून मात्र नाही. मातृभाषा स्पॅनिश आहे म्हणून नागरिकत्वाचे शब्द आपोआप येतात, असे तिथला कायदा गृहीत धरत नाही. म्हणून मेक्सिकोच्या किंवा पेरूच्या माणसालाही ते शब्द नव्याने शिकावे लागतात. ‘आयुन्तामिएन्तो’ म्हणजे नगरपालिका. ‘पाद्रोन’ म्हणजे तिची रहिवाशांची नोंदवही. या नोंदवहीत नाव असलेला माणूस कायद्याने त्या गावचा ‘वेसिनो’, म्हणजे रहिवासी ठरतो आणि त्याच नोंदीवर त्याच्या वास्तव्याचा पुरावा उभा राहतो. शब्द कळला नाही तर नोंद राहून जाते, आणि नोंद राहून गेली तर पुढचे सगळे अडते.

जालना जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाकडून अशी परीक्षा कोणी घेत नाही, आणि ते योग्यच आहे. भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत देशीकरणाने नागरिक होऊ पाहणाऱ्या परदेशी व्यक्तीसाठी एक अट आहे: राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान. मराठी त्या अनुसूचीत आहे, तेव्हा चांगली मराठी येणारा परदेशी माणूस ही अट पूर्ण करू शकतो. इथे जन्मलेल्याला ही अट नाही. पण अट नाही म्हणून शिकवणही नाही, असा अर्थ आपण नकळत लावून घेतला आहे. घरची, शेताची, बाजाराची मराठी ज्याला येते त्याला तहसीलची, ग्रामसभेची, नोटिशीची मराठीही येत असणार, असे सरकारही धरून चालते आणि समाजही. हे गृहीतक चुकीचे आहे, नागरिकाच्या बऱ्याच अडचणी त्यातूनच निघतात, आणि नागरिकत्वाची शब्दसंपदा प्रत्येक प्रौढाला हेतुपूर्वक शिकवणे हे सरकारचे काम आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. त्यासाठी जालन्याइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण, कारण या जिल्ह्यात राज्यकर्त्यांच्या भाषेचे थर एकावर एक साचलेले आहेत.

जालना हा स्वतंत्र जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. पण त्याच्या आठही तालुक्यांचा प्रदेश दीर्घकाळ निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानचा कारभार आधी फारसीत चाले, 1880 च्या दशकात तो उर्दूत आला, आणि 1918 मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर उच्च शिक्षणही उर्दूतून मिळू लागले. घरात मराठी बोलणाऱ्या रयतेसाठी सरकार म्हणजे दुसऱ्या भाषेतला कागद होता. जिल्ह्याचा प्रमुख ‘अव्वल तालुकदार’, गावचे दप्तर ‘पटवाऱ्या’कडे, वर्ष ‘फसली’, परिपत्रक म्हणजे ‘गश्ती’. माणसाचा राज्याशी असलेला संबंधही एकाच शब्दात बांधलेला होता: ‘मुल्की’. 1919 च्या नियमांनुसार संस्थानी नोकरीसाठी मुल्की असणे आवश्यक होते, आणि बाहेरून आलेल्याला मुल्की ठरायला 15 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागे. मुल्की असण्याने नोकरीचा दरवाजा किलकिला होई, राज्यकारभारात वाटा मिळत नसे. सभा घ्यायची तर ‘गश्ती क्रमांक 53’ आडवी येई, कारण तिच्यामुळे जाहीर सभेला परवानगी लागत होती. अशा काळात, 1937 मध्ये, आज जालना जिल्ह्यात असलेल्या परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि मराठवाड्यातले लोक मराठीतून नागरी हक्कांची भाषा बोलू लागले. ‘जबाबदार राज्यपद्धती’, ‘भाषणस्वातंत्र्य’ हे शब्द इथल्या सर्वसामान्यांच्या कानावर अशाच सभा-परिषदांतून पडले. हक्कांची शब्दसंपदा जाणीवपूर्वक शिकवली तर ती रुजते, याचा पुरावा या जिल्ह्याच्या इतिहासातच आहे.

17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान भारतात विलीन झाले. 26 जानेवारी 1950 रोजी राज्यघटना लागू झाली आणि निझामाची रयत एका दिवसात भारताची नागरिक झाली. त्यानंतरही मराठवाडा काही वर्षे हैदराबाद राज्यातच होता. 1956 मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. 1930 साली अंबडमध्ये किंवा भोकरदनमध्ये जन्मलेल्या माणसाने गाव न सोडता तिशीपर्यंत चार राजवटी पाहिल्या, आणि प्रत्येक राजवट आपले शब्द घेऊन आली. महाराष्ट्र सरकारने 1960 मध्ये भाषा संचालनालय स्थापन केले, 1962 मध्ये पदनाम कोश आणला आणि पुढे राजभाषा अधिनियमाने मराठी ही कारभाराची भाषा केली. हे काम मोठे होते आणि आवश्यकही होते. पण कोश पोचले ते कार्यालयांत. कारकुनाला ‘अव्वल कारकून’पासून ‘अभिलेखा’पर्यंतचे शब्द मिळाले. समोरच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसासाठी असा कोश कोणी केला नाही. त्याच्यापुढे जुने उर्दू-फारसी शब्द, इंग्रजीतून आलेले शब्द आणि नवे संस्कृतप्रचुर शब्द अशी तिहेरी गर्दी उभी राहिली.

या गर्दीची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते ती जमिनीच्या कागदात. मराठवाड्यात जुन्या हक्काचा शोध घेत गेले की माणूस 1954-55 च्या ‘खासरा पत्रका’पाशी पोचतो, आणि त्याच्या मागे गेले तर फसली सनातल्या नोंदी लागतात. फसली सनात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो, ही साधी गोष्ट माहीत नसेल तर पणजोबांच्या नावाची नोंद हाती असूनही तिचा काळ कळत नाही. अलीकडच्या कागदांचीही तीच कथा आहे. सातबारा सगळ्यांना माहीत असतो, पण सातबाऱ्यात बदल ज्या नोंदीने होतो तो ‘फेरफार’, म्हणजे गाव नमुना 6, अनेकांना नावापुरताच माहीत असतो. फेरफाराची नोटीस आली की 15 दिवसांत ‘हरकत’ घेता येते. रोजच्या बोलण्यात हरकत म्हणजे ‘माझी काही हरकत नाही’मधली सौजन्याची गोष्ट. महसुली कागदात ती एक कायदेशीर कृती आहे. लेखी द्यावी लागते, मुदतीत द्यावी लागते, आणि दिली की तो फेरफार विवादग्रस्त ठरून त्याची सुनावणी होते. वडील वारल्यावर बहिणींची नावे वारस नोंदीत न येता भावांच्याच नावे फेरफार मंजूर होतो, तेव्हा पुष्कळदा नोटीस घरी आलेली असते, सहीसुद्धा झालेली असते. त्या नोटिशीतल्या हरकत या शब्दात आपला हिस्सा दडलेला आहे, एवढे मात्र बहिणीला कोणी सांगितलेले नसते.

भूसंपादनात हाच प्रकार मोठ्या रकमांबाबत घडतो. समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून गेला, धरणे आणि रस्ते यांसाठीही इथे जमिनी गेल्या. भरपाईला मराठवाड्यात ‘मावेजा’ म्हणतात. हा शब्द थेट उर्दूतून आलेला आणि इथल्या शेतकऱ्याच्या जिभेवर रुळलेला आहे. सरकारी कागदावर मात्र ‘मोबदला’ असतो, ‘निवाडा’ असतो, ‘संयुक्त मोजणी’ असते. 2013 च्या भूसंपादन कायद्यात एक तरतूद अशी आहे की, मोबदल्याची रक्कम कमी वाटत असेल तर ती ‘निषेध नोंदवून’ स्वीकारावी लागते. निषेध न नोंदवता रक्कम घेतली तर वाढीव मोबदल्यासाठी प्राधिकरणाकडे दाद मागण्याचा हक्कच उरत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्यांना ही दाद सहा आठवड्यांत मागावी लागते. म्हणजे पावतीवर दोन शब्द लिहिले की नाही, यावर एखाद्या कुटुंबाचे लाखो रुपये अवलंबून राहू शकतात. शेताच्या रस्त्याचेही तसेच आहे. ‘वहिवाटीचा रस्ता अडवला’ अशी तक्रार असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली सहा महिन्यांच्या आत जावे लागते. ‘बांधावरून नवा रस्ता हवा’ असे म्हणणे असेल तर महसूल अधिनियमाचे कलम 143. गावात दोन्हींना ‘रस्त्याचं भांडण’ एवढेच म्हणतात. अर्जात चुकीचा शब्द गेला की अर्ज चुकीच्या वाटेने जातो आणि मूळ मुदत निघून जाते.

शब्द वाचता येण्याला केवढे सार्वजनिक मोल असते, हे गेल्या काही वर्षांत याच जिल्ह्याने साऱ्या राज्याला दाखवून दिले. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत ऑगस्ट 2023 मध्ये मराठा आरक्षणाचे उपोषण सुरू झाले. त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीकडे निझामकाळातल्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम आले, आणि जुनी दप्तरे उघडली गेली. ती उर्दूत होती, मोडीत होती. ती वाचणारी माणसे शोधावी लागली. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयानंतर ‘हैदराबाद गॅझेटियर’ हा एरवी अभ्यासकांच्या टेबलावरचा शब्द चावडीवर आणि एसटीच्या बाकावर ऐकू येऊ लागला. आरक्षणाच्या मागणीचे योग्यायोग्य हा वेगळा, मतभेदांचा विषय आहे आणि त्याची चर्चा वेगळ्या ठिकाणी व्हावी. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट इतकीच की, मागणीच्या बाजूचे असोत की विरोधातले, दोघांचाही सारा युक्तिवाद एका जुन्या रकान्यातला शब्द काय सांगतो यावर येऊन ठेपला. ज्यांना तो रकाना स्वतः वाचता येत नव्हता त्यांना दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबावे लागले.

जमिनीचे शब्द निदान गरजेपोटी तरी शिकले जातात. ‘सार्वजनिक’ या कल्पनेभोवतीचे शब्द त्याहून दुर्लक्षित आहेत. ग्रामसभा आणि ग्रामपंचायतीची मासिक सभा या दोन वेगळ्या सभा आहेत. पहिलीत गावातला प्रत्येक मतदार सभासद म्हणून बसतो, दुसरीत निवडून आलेले सदस्य बसतात. ग्रामसभेला गावातले 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी ‘गणपूर्ती’ लागते. ती झाली नाही की सभा ‘तहकूब’ होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. घरी बसून ‘सभा झालीच नाही’ असे समाधान मानणाऱ्या माणसाच्या गैरहजेरीत, चारदोन जणांच्या उपस्थितीत, घरकुलाची यादी मंजूर होऊ शकते ती अशी. ‘तहकूब’चा अर्थ ‘रद्द’ नाही, हे कळणे म्हणजे गावच्या कारभारात आपले मत राखणे आहे. शहरातही वेगळे चित्र नाही. 2023 मध्ये जालना नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. नगराध्यक्षाच्या जागी महापौर, मुख्याधिकाऱ्याच्या जागी आयुक्त, वेगळा कायदा, वेगळी स्थायी समिती. गटार तुंबले तर अर्ज कोणाच्या नावे करायचा आणि मालमत्ता कराच्या आकारणीवर हरकत कोणाकडे घ्यायची, याची उत्तरे त्या बदलाबरोबर बदलली. फलक रंगवला गेला, पण नागरिकांना नवे शब्द समजावून सांगणारे कोणी आले नाही.

काही शब्द तर नागरिकाचे स्थानच ठरवतात. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्याने रोजगार हमीची कामे मोठ्या संख्येने पाहिली आणि 1977 मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. त्या कायद्याचा आत्मा ‘मागणी’ या शब्दात होता. काम मागितल्यापासून 15 दिवसांत काम मिळाले पाहिजे, नाहीतर बेरोजगार भत्ता. पण मागणी लेखी असली पाहिजे आणि तिची ‘पोच’ हाती असली पाहिजे. पोच नसेल तर 15 दिवस मोजायला सुरुवात कुठून करणार? कितीतरी मजुरांनी तोंडी काम मागितले आणि भत्त्याचा प्रश्नच उद्भवला नाही, कारण कागदावर त्यांनी काम मागितलेलेच नव्हते. आता बहुतेक योजनांत माणूस ‘लाभार्थी’ म्हणून नोंदवला जातो. लाभ देणाऱ्याच्या मर्जीवर असतो, हक्क मागता येतो. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली मिळणारे धान्य हा कायद्याने दिलेला हक्क आहे, तरी रेशन दुकानापुढच्या रांगेत आपण लाभार्थी म्हणूनच उभे राहतो. एकदा स्वतःला तसे म्हणवून घेतले की धान्य कमी मिळाल्यावर तक्रार करण्याऐवजी माणूस गप्प बसतो. ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणाऱ्या मंठा, घनसावंगीकडच्या कुटुंबांना तर ‘पोर्टेबिलिटी’ या एका शब्दाची माहिती असली तरी परजिल्ह्यात आपल्या कार्डावर धान्य घेता येते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, लोकांना शब्द शिकवण्यापेक्षा सरकारने भाषा सोपी करावी. आक्षेपात तथ्य आहे. सरकारी मराठी अनेकदा विनाकारण अवघड असते आणि ती सोपी व्हायलाच हवी. पण भाषा बदलण्याचा आपला इतिहास पाहिला तर तो एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द बसवण्याचाच जास्त आहे. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला तो फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी, आणि आधुनिक पदनाम कोशही बऱ्याच अंशी त्याच वाटेने गेला. त्यामागे स्वभाषेचा रास्त अभिमान होता. तरीही ‘तहसीलदार’, ‘हरकत’, ‘तहकूब’, ‘फेरफार’ टिकून राहिले, कारण लोकांच्या तोंडी ते बसले होते. आता नवी भर पडते आहे. 2024 मध्ये तलाठ्याचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले, आणि ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र होऊन ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे नाव आले. दोन वेगळ्या विभागांचे दोन अधिकारी आता कानाला जवळजवळ सारखे ऐकू येतात. शिवाय भाषा कितीही सोपी केली तरी कायद्याचा शब्द हा कायद्याचाच शब्द राहतो. ‘भोगवटादार वर्ग 2’ला कितीही सोपे नाव द्या, त्या जमिनीच्या विक्रीला पूर्वपरवानगी लागते हे वेगळे शिकवावेच लागेल. सोपी भाषा आणि शब्दशिक्षण या दोन्ही गोष्टी हव्यात. एक झाली म्हणून दुसरी टळत नाही.

दुसरा आक्षेप शाळेचा. नागरिकशास्त्र तर सहावीपासून आहेच, मग वेगळे काय शिकवायचे? शाळेतल्या नागरिकशास्त्रात संसद, राज्यपाल, जिल्हा परिषद यांची रचना येते आणि ती यायलाच हवी. पण जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी कोण हे सांगू शकणाऱ्या विद्यार्थ्याला अर्जाची पोच का घ्यावी हे सांगता येईलच असे नाही. माहितीच्या अधिकारातले उत्तर 30 दिवसांत मिळाले पाहिजे, महाराष्ट्रात अर्जाचा मजकूर एका विषयापुरता आणि 150 शब्दांत मांडावा लागतो, 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली सेवा नाकारली तर कारण लेखी मागता येते आणि 30 दिवसांत ‘प्रथम अपील’ करता येते: या गोष्टी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत क्वचितच येतात, आयुष्यात मात्र त्यांची वारंवार गरज पडते. दुसरे म्हणजे, ज्यांची शाळा सुटून तीस-चाळीस वर्षे झाली त्यांचे काय? लोकसेवा हक्काचा आणि माहिती अधिकाराचा कायदा ते शाळेत असताना अस्तित्वातच नव्हता. कायदे बदलत राहतात, तेव्हा त्यांचे शब्दही आयुष्यभर शिकत राहावे लागतात.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. आता सगळे ऑनलाइन झाले, सेतू केंद्र आहे, ई-सेवावाला पोरगा आहे, शंभर-दोनशे रुपयांत काम होते, मग शब्दांची उठाठेव कशाला? सोय खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण मध्यस्थ अर्ज भरतो, निर्णय आपल्या वतीने घेत नाही. पडद्यावर ‘वारस’, ‘बक्षीसपत्र’, ‘वाटणीपत्र’, ‘हक्कसोड’ असे पर्याय येतात तेव्हा त्यांतला कोणता निवडायचा हे त्या पोराला ठरवता येत नाही, यायलाही नको. बहिणीने ‘हक्कसोडपत्रा’वर सही केली की वडिलोपार्जित जमिनीतला तिचा वाटा संपतो. ‘फक्त सही कर, कामापुरती आहे’ असे सांगणारे घरातच असतात. तेव्हा कागदाच्या मथळ्यावरचा तो एक शब्द वाचून थबकता येणे, हेच तिचे संरक्षण. पूर्वी पटवाऱ्याच्या दप्तरावर विसंबावे लागे, आज संगणकावर बसलेल्या माणसावर विसंबावे लागते. साधन नवे आले, परावलंबन जुनेच राहिले.

शेवटचा आक्षेप अधिक गंभीर आहे. शब्दज्ञानाला एवढे महत्त्व दिले तर उद्या कोणी म्हणेल, ज्याला शब्द येत नाहीत त्याला हक्क तरी कशाला? ही भीती काल्पनिक नाही. स्पेनच्याच 1812 च्या कादिझ येथील राज्यघटनेत असे कलम होते की 1830 पासून नव्याने नागरिकाचे हक्क बजावू लागणाऱ्याला लिहिता-वाचता आले पाहिजे. ती घटना 1830 उजाडण्याआधीच रद्द झाली, पण विचार मागे राहिला, आणि पुढे जगात अनेक ठिकाणी साक्षरतेच्या अटीआड गरिबांचा मताधिकार अडवला गेला. भारताने याच्या नेमके उलट केले. 1951 च्या जनगणनेत साक्षरता 18 टक्क्यांच्या आसपास होती, तरी पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक प्रौढाला मत मिळाले. वाचता न येणाऱ्यासाठी निवडणूक आयोगाने पक्षांना चिन्हे दिली. नागरिकाला अट न घालता राज्यानेच दोन पावले पुढे यायचे, हा तो निर्णय होता. तोच न्याय शब्दांना लावायचा. हक्क आधी आणि बिनशर्त. मग तो हक्क वापरता यावा म्हणून शब्द शिकवण्याची जबाबदारी राज्याची. स्पेनच्या परीक्षेतून आपण घ्यायचे ते परीक्षा घेणे नव्हे, तर हे शब्द मातृभाषकालाही मुद्दाम शिकवावे लागतात ही कबुली.

हे शिकवणे खर्चिक किंवा अवघड नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा कायद्यानेच भरतात. प्रत्येक सभेच्या सुरुवातीला विषयपत्रिकेतले पाच शब्द उदाहरणासह समजावून सांगता येतात. महिला सभेत ‘वारस’ आणि ‘हक्कसोड’ हे दोन शब्द सांगितले तरी एका गावात कितीतरी वाद टळतील. प्रत्येक सरकारी नोटिशीच्या मागच्या बाजूस त्या नोटिशीतल्या शब्दांचे अर्थ, मुदत आणि दाद मागण्याचे ठिकाण छापणे ही एका शासन निर्णयाची बाब आहे. ज्या जिल्ह्यात मराठीबरोबर उर्दू आणि गोरमाटी बोलणारी कुटुंबे आहेत, पोलाद कारखान्यांत परप्रांतातून आलेले कामगार आहेत, तिथे हे अर्थ त्यांच्याही भाषेत सांगितले पाहिजेत. ‘हरकत’, ‘तहकूब’, ‘मावेजा’ या शब्दांशी उर्दू बोलणाऱ्याचे नाते तर आधीचेच आहे. मराठीला 2024 मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा उत्सव झाला, पुरस्कार आणि संमेलनेही होतील. त्यासाठीच्या निधीतला थोडा वाटा तहसीलच्या खिडकीशी वापरल्या जाणाऱ्या मराठीवर खर्च झाला तर तो वाया जाणार नाही. आणि सरकार हे करेपर्यंत प्रत्येकाला एक गोष्ट आजपासून करता येईल: ज्या शब्दाचा अर्थ कळला नाही त्या शब्दाखाली सही करू नये, आधी विचारावे, आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच मागून घ्यावी.